विज्ञान आपल्या दारी : रात्री फोन कोण लावतं?



या सदरात आपण रोजच्या वापरातली एखादी वस्तू घेतो आणि तिच्या पोटात काय चालते ते पाहतो. आज आपण राऊटर पाहू या. अनेक घरांत आता भिंतीवर एक छोटी पेटी असते. तिचे हिरवे दिवे लुकलुकत असतात आणि मुले तिला ‘वायफाय’ म्हणतात. या पेटीचा एक पूर्वज होता. तो साध्या टेलिफोनच्या तारेवर चालत असे आणि गरज पडली की स्वतःच फोन लावत असे. त्याला डायल-अप राऊटर म्हणत. तो आता आपल्याकडे दिसत नाही. अमेरिकेतील ए.ओ.एल. या प्रसिद्ध कंपनीनेही ३० सप्टेंबर २०२५ रोजी आपली डायल-अप सेवा बंद केली.

मग बंद पडलेल्या वस्तूविषयी आज का लिहायचे? एक कारण असे की, तो राऊटर निर्णय कसा घेत असे हे कळले की आजची पेटीही कळते. दुसरे कारण जरा मनाला लागणारे आहे. तो निर्णय आम्हाला न कळल्यामुळे आमच्या वस्तीतील एका गरीब मुलावर चोरीचा आळ आला होता. आळ घेणाऱ्यांत मीही होतो. म्हणून ही गोष्ट सांगणे माझ्यावर बाकी आहे.

खोली, चार संगणक आणि एक फोन

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीने ते सुरू केले. त्याआधी ते काही शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांपुरतेच होते. पुढे १९९८ साली खाजगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली आणि २००० सालाच्या आसपास गल्लोगल्ली सायबर कॅफे दिसू लागले. तासाचे पैसे मोजणे आपल्या मुलांना परवडत नव्हते. म्हणून २००१ साली आम्ही विहाराच्या मागच्या खोलीत संगणक वर्ग सुरू केला. एका कार्यालयाने मोडीत काढलेले चार संगणक मिळाले. फोन मंडळाच्या नावावर होता. महिला मंडळाच्या भगिनींनी दरमहा दहा-दहा रुपये वर्गणी देऊन वीज आणि फोनचा खर्च उचलला.

चार संगणक आणि तार एकच. हा प्रश्न आमच्याच वस्तीतील एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने सोडवला. वर्गातली मुले त्याला ‘मास्तर’ म्हणत. आपणही तसेच म्हणू. त्याची आई चार घरची धुणीभांडी करी. मास्तरने पाचवा, अगदी जुनाट संगणक घेतला, त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवली आणि त्याचाच राऊटर केला. त्याला मोडेम जोडला. मोडेम म्हणजे संगणकाच्या आकड्यांचा आवाज करणारी आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करणारी पेटी. तिची किरकिर आणि शिट्टी ज्यांनी ऐकली आहे ते ती विसरणार नाहीत. चारपैकी कोणत्याही संगणकावर मुलाने काही मागितले की राऊटर आपोआप फोन लावी. काम संपले की आपोआप फोन ठेवी.

दोन महिने सुरळीत गेले. तिसऱ्या महिन्याचे बिल नेहमीच्या चौपट आले.

त्या काळी लोकल कॉलचा तपशील बिलात मिळत नसे. मीटरचा आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि रक्कम, एवढेच. खोलीची किल्ली मास्तरकडे असे. कुणीतरी म्हणाले की, रात्री खोलीतून मोडेमचा आवाज येतो. मग दुसरा म्हणाला, पोरगं रात्री येऊन फोन वापरतं. तिसऱ्याने फोन कुणाला होतात तेही सांगून टाकले. समितीची बैठक झाली. मास्तर म्हणाला, “मी रात्री येत नाही.” एवढेच बोलून त्याने किल्ली खजिनदारांपुढे ठेवली आणि तो निघून गेला. त्यानंतरच्या रविवारी त्याची आई वंदनेला आली नाही. पुढच्या रविवारीही आली नाही.

माहितीची पाकिटे

आता गोष्ट इथेच थांबवू आणि राऊटरकडे वळू.

साध्या फोनवर दोन माणसे बोलतात तेव्हा तार त्यांच्यासाठी अडकून राहते. ती गप्प बसली तरी तार अडकलेलीच. संगणकांना हे परवडत नाही. म्हणून १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस या दोघांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती काढली. निरोप अखंड पाठवायचा नाही. त्याचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात घालायचा, पाकिटावर कुणाकडून आणि कुणाला हे लिहायचे आणि एकामागून एक सोडून द्यायचे. एकाच तारेवरून अनेकांची पाकिटे सरमिसळ जाऊ शकतात. या पाकिटालाच ‘पॅकेट’ म्हणतात. ते नाव डेव्हिस यांनी दिले. या युक्तीवर उभारलेल्या जाळ्यावरून पहिला निरोप २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्नियात गेला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता. पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. सुरुवात अशीच असते!

एका पाकिटात बहुधा जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. एक बाइट म्हणजे ढोबळ मानाने इंग्रजीतले एक अक्षर. म्हणजे एक साधे छायाचित्र पाठवायचे तर अशी शेकडो पाकिटे लागतात. सगळी एकाच क्रमाने पोचतील असे नाही. एखादे वाटेत गहाळही होते. ज्याला निरोप मिळायचा तो संगणक क्रमांक पाहून पाकिटे लावून घेतो आणि जे आले नाही ते पुन्हा येण्याची व्यवस्था असते. राऊटरला या कशाची पर्वा नसते. त्याचे काम एकच. हाती आलेले पाकीट कोणत्या दाराने बाहेर काढायचे ते ठरवणे.

पत्ता आणि पिनकोड

प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, तो आकड्यांत. त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. जुन्या आणि आजही चालू असलेल्या पद्धतीत त्याचे चार भाग असतात आणि प्रत्येक भाग ० ते २५५ मधला आकडा असतो. असे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. एवढ्या पत्त्यांची यादी कुणी जवळ बाळगत नाही. मग निर्णय कसा होतो?

आपला पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो आपल्या देशात आला आणि तो आणण्याचे श्रेय श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याकडे जाते. सहा आकड्यांतला पहिला आकडा ४ असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश वा छत्तीसगडचे. ४४ असेल तर विदर्भाचे. ४४० असेल तर नागपूरचे. दिल्लीत पत्र निवडणाऱ्याला दीक्षाभूमीजवळची गल्ली माहीत असण्याची गरज नाही. त्याने सुरुवातीचे आकडे पाहून थैली बरोबर दिशेला टाकली की पुरे. जसजसे पत्र जवळ येते तसतसे पुढचे आकडे पाहिले जातात.

राऊटर हेच करतो. त्याच्याजवळ एक तक्ता असतो. ‘अमुक आकड्यांनी सुरू होणारे पत्ते अमुक दाराने’ अशा त्याच्या ओळी असतात. पाकिटाचा पत्ता एकाहून जास्त ओळींशी जुळला तर ज्या ओळीत सुरुवातीचे सर्वांत जास्त आकडे जुळतात ती ओळ खरी. ‘४’ आणि ‘४४०’ दोन्ही जुळत असतील तर ‘४४०’ चे ऐकायचे, कारण ती ओळ जास्त नेमकी आहे.

आणि काहीच जुळले नाही तर? त्यासाठी शेवटची ओळ असते, ‘बाकी सर्व’. ज्या पत्त्याची आपल्याला माहिती नाही तो आपल्यापेक्षा जास्त माहिती असलेल्या पुढच्या राऊटरकडे द्यायचा.

जगातील मोठमोठ्या राऊटरांच्या तक्त्यात आज दहा लाखांच्या घरात ओळी असतात. कोणते पत्ते कोणत्या वाटेने मिळतात हे ते एकमेकांना कळवत असतात आणि कुठे तार तुटली तर ओळी बदलतात. आमच्या विहारातल्या राऊटरच्या तक्त्यात तीनच ओळी होत्या. पहिली ओळ: १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते खोलीतल्या संगणकांचे. दुसरी: फोनच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या कंपनीच्या राऊटरचा पत्ता. तिसरी: बाकी सर्व, फोनच्या तारेवर. इतका छोटा तक्ता असूनही त्या खोलीतली मुले साऱ्या जगाशी जोडली गेली होती.

आजोबांचा प्रश्न

पहिल्या बैठकीनंतर पंधरा दिवसांनी दुसरी बैठक झाली. वर्ग बंद करायचा की चालू ठेवायचा, एवढाच विषय होता. गिरणीतून निवृत्त झालेले एक आजोबा तिथे बसले होते. ते म्हणाले, “बंद करा, पर आधी मला त्ये मशीन काय करतं ते सांगा. पोराला बोलवा. त्येच सांगंल.” मास्तरला बोलावणे गेले. तो आला आणि खाली मान घालून त्याने वर लिहिले आहे तेवढे समजावून सांगितले. पाकीट, पत्ता, तक्ता आणि पुढचा राऊटर. संपूर्ण वाट कुणालाच माहीत नसते, प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा माहीत असतो, असे तो म्हणाला.

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी आमच्या बापाचंच काम की हे.”

त्यांचे वडील गावकीचे काम करीत. सरकारी टपाल असो की कुणाच्या मयतीचा सांगावा, पाटलाचा हुकूम झाला की ऊन-पाऊस न बघता निघायचे. टपाल पुढच्या गावच्या महाराच्या हाती द्यायचे आणि माघारी फिरायचे. त्याने ते त्याच्या पुढच्या गावी न्यायचे. ते कुठून निघाले, शेवटी कुठे जाणार, हे विचारायचे नाही. आत काय लिहिले आहे ते वाचण्याचा प्रश्नच नव्हता, कारण अक्षर शिकूच दिले नव्हते. या वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. अशी वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. न वाचता, न विचारता पुढे देत राहणे हे काम यंत्राला शोभते. माणसाला ते करायला लावणे हा अन्याय होता.

पण आजोबा तिथेच थांबले नाहीत. त्यांनी विचारले, “आमच्या बापाला पाटील सांगायचा, निघ. मंग या मशीनला कोण सांगतं, आता फोन लाव म्हणून?”

हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता. आम्ही विचारत होतो, फोन कोणी लावला? आजोबा विचारत होते, फोन कशामुळे लागतो?

पी.पी. नंबर

याचे उत्तर समजण्यासाठी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्यांच्याकडे फोन नसे ते लग्नपत्रिकेवर शेजाऱ्याचा नंबर देऊन त्यापुढे ‘पी.पी.’ लिहीत. बाहेरच्याला नंबर एकच दिसे. फोन आला की शेजारीण गॅलरीतून हाक मारी, “अहो कांबळेमावशी, फोन!”

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे घरगुती पत्ते आहेत. जगभर लाखो घरांत तेच पत्ते वापरतात, म्हणून बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. कंपनी फोन लागला की आमच्या राऊटरला एकच खरा पत्ता देई. चारही संगणकांची पाकिटे बाहेर जाताना राऊटर त्यांच्यावर तो एकच पत्ता टाकी आणि कोणत्या संगणकाने काय मागितले त्याची नोंद ठेवी. उत्तर आले की नोंद पाहून ज्याचे त्याला देई. म्हणजे आमचा राऊटर ही चौघांची पी.पी. असलेली शेजारीण होती. आणि प्रत्येक नोंद ठेवल्याशिवाय तिचे काम चालतच नाही.

फोन लावायचा की नाही?

ज्या राऊटरची तार चोवीस तास चालू असते त्याने फक्त ‘कुठे?’ एवढेच ठरवायचे असते. डायल-अप राऊटरला आणखी एक गोष्ट ठरवावी लागते. ‘या पाकिटासाठी पैसे खर्च करायचे का?’

पाकीट आले. तक्ता पाहिला. पत्ता खोलीतलाच असेल तर फोनचा संबंध नाही. पत्ता बाहेरचा असेल आणि फोन आधीच लागलेला असेल तर पाकीट सरळ रवाना. फोन लागलेला नसेल तर राऊटर आपल्या नियमांची दुसरी यादी पाहतो. फोन लावण्याजोगी पाकिटे कोणती आणि तशी नसलेली कोणती, हे त्या यादीत लिहिलेले असते. फोन लावण्याजोगे असेल तर नंबर फिरवायचा. नसेल तर पाकीट टाकून द्यायचे.

हे लग्नाच्या टेम्पोसारखे आहे. नवरदेवाच्या माणसांसाठी टेम्पो काढायचा. टेम्पो निघालाच आहे आणि जागा आहे, तर वाटेवरचा पाहुणाही त्यात बसेल. पण नुसत्या त्या पाहुण्यासाठी टेम्पो काढायचा नाही आणि त्याच्यासाठी थांबवूनही ठेवायचा नाही.

फोन ठेवायचा केव्हा, यासाठी एक घड्याळ असते. महत्त्वाचे पाकीट गेले की घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होते. ठरवलेली मिनिटे एकही महत्त्वाचे पाकीट आले नाही की राऊटर फोन ठेवून देतो.

आता मास्तरने काय केले होते? पहिल्यांदाच असे काम करत असल्याने त्याने यादी सोपी ठेवली होती. बाहेरच्या पत्त्याचे कोणतेही पाकीट आले की फोन लाव.

म्हणून आजोबांच्या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, “बाबा, मशीनला पाकीट सांगतं. आणि कोणतं पाकीट आलं, कोणाकडून आलं, किती वाजता आलं, ते मशीन लिहून ठेवतं.”

“मंग ते वाच की.”

मास्तर म्हणाला, “मला खोलीत जायला मनाई आहे, बाबा.”

नोंदवहीची साक्ष

खजिनदारांनी खोली उघडली. आम्ही दहा-बारा जण आत दाटीवाटीने उभे राहिलो. मास्तरने पडद्यावर नोंदवही काढली आणि मोठ्याने वाचू लागला. रात्री अकरा बेचाळीस, चार नंबरच्या संगणकाकडून पाकीट, फोन लावला. अकरा सत्तावन्न, चार नंबरचा संगणक, फोन लावला. बारा बारा. बारा सत्तावीस. प्रत्येक पंधरा मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखे, सकाळपर्यंत. कोणत्याही माणसाला असे जमणार नाही.

मग त्याने अलीकडच्या तारखा काढल्या. ज्या दिवशी त्याने किल्ली दिली त्याच्या नंतरच्याही सगळ्या रात्री तशाच होत्या. त्या काळात खोलीला कुलूप होते आणि किल्ली खजिनदारांच्या कपाटात होती.

पण रात्री चार नंबरचा संगणक चालू कसा? खोलीत शांतता पसरली. उत्तर माझ्याकडे होते. तो संगणक बंद केला की पुन्हा लवकर सुरू होत नसे. म्हणून मीच मुलांना बजावले होते की, चार नंबर बंद करू नका, फक्त पडदा बंद करा. त्या संगणकातली प्रणाली शेजारच्या संगणकांची नावे ठराविक वेळाने शोधत असे. आपल्याला ‘नाव’ कळते, जाळ्याला ‘आकडे’ कळतात. नावावरून आकडा सांगणारी यंत्रे इंटरनेटवर वेगळी असतात. चार नंबरने शेजाऱ्याचे नाव खोलीत विचारण्याऐवजी बाहेरच्या त्या यंत्राला विचारायचे, अशी त्याची मांडणी चुकून झालेली होती. म्हणजे पाकिटावर पत्ता बाहेरचा. राऊटरने तक्ता पाहिला, ‘बाकी सर्व’ ही ओळ लागली, नियम पाहिला, फोन लावला. पलीकडून ‘असे नाव माहीत नाही’ असे उत्तर आले. काही मिनिटांनी फोन ठेवला. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. दर खेपेला मीटर फिरला.

राऊटरचे काहीच चुकले नव्हते. त्याला सांगितले होते तेच त्याने रात्रभर इमानाने केले.

दुरुस्तीला अर्धा तास लागला. चार नंबरची मांडणी सुधारली. असल्या नावे विचारणाऱ्या पाकिटांसाठी फोन लावायचा नाही, असा नियम घातला. रात्री नऊ ते सकाळी सात फोन लावायचाच नाही, असा दुसरा नियम घातला. फोन ठेवण्याची वेळ तीन मिनिटांवर आणली. पुढचे बिल पुन्हा पहिल्यासारखे आले.

त्याच संध्याकाळी मी मास्तरच्या घरी गेलो. त्याची आई स्टोव्हजवळ बसली होती. मी म्हणालो, “ताई, चूक माझी होती. पोराचा काही दोष नाही.” त्या म्हणाल्या, “मला ठावं होतं. पर मला कोण इचारणार?” त्यापुढे काय बोलावे ते मला सुचले नाही. येत्या रविवारी वंदनेनंतर सर्वांसमोर उभा राहून मी हेच पुन्हा सांगितले. त्या दिवशी त्या आल्या होत्या.

केसपुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आपण सर्वांनी ऐकलेला आहे. ऐकीव गोष्ट खरी मानू नका, परंपरा म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. आम्ही तो विहारात ऐकत होतो आणि त्याच विहाराच्या मागच्या खोलीत ऐकीव गोष्टीवर एका मुलाला दोषी ठरवत होतो. कारण असल्याशिवाय कार्य घडत नाही, हे ज्याला अक्षरओळख उशिरा झाली त्या आजोबांनी आम्हाला शिकवले.

आजच्या घरात

आता आपण हे आपल्या घरात कसे वापरू?

आज फोन लावावा लागत नाही, पण मोबाईलवर रोजचा डेटा ठरलेला असतो. अनेक घरांत तो दुपारीच संपतो आणि आईबाप मुलावर ओरडतात. ओरडण्याआधी नोंदवही वाचा. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ‘डेटा वापर’ असे सदर असते. कोणत्या ॲपने किती डेटा घेतला, त्यातला पडद्यामागे, म्हणजे आपण वापरत नसताना, किती गेला, हे तिथे दिसते. पुष्कळदा दोषी ठरते ती छायाचित्रे आपोआप चढवणारी सोय किंवा आपोआप होणारी अद्ययावतता. ती बंद करता येते. रात्रीचा चार नंबरचा संगणक आता आपल्या खिशात आहे, एवढाच फरक.

घरी वायफायची पेटी असेल तर तिच्या आत शिरून कोणती उपकरणे जोडलेली आहेत ते पाहता येते. तिचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलून घ्या. ती पेटीही पत्ता पाहते, तक्ता पाहते, चौघांची पी.पी. सांभाळते. फक्त तिला पैशांचा विचार करावा लागत नाही.

आणि तरुणांनो, एक विनंती. दहावी-बारावीनंतर किंवा आय.टी.आय. करताना नेटवर्कचे शिक्षण घेण्याचा विचार जरूर करा. तार ओढणारे हात आपल्यात पुष्कळ आहेत. तक्ता लिहिणारे हातही व्हायला हवेत. मास्तर आज हेच काम करतो. आपल्या पूर्वजांना टपाल वाहायला लावले, पण वाचू दिले नाही. ते वाचण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला. तो वापरायचा की नाही, हे आता आपल्या हाती आहे.

बालमित्रांसाठी या आठवड्याचा प्रश्न: प्रत्येक पाकिटावर एक आकडा असतो, समजा ६४. वाटेतला प्रत्येक राऊटर त्यातून एक वजा करतो आणि आकडा शून्य झाला की पाकीट टाकून देतो. असे का करत असतील? दोन राऊटरांच्या तक्त्यात चुकून एकमेकांचेच नाव लिहिले गेले तर काय होईल, याचा विचार करा. उत्तर वहीत लिहून रविवारी विहारात मोठ्यांना दाखवा.

भेटू या पुढील अंकी. जयभीम! नमो बुद्धाय!